आमच्या घरचा बिनगव्हाचा स्वयंपाक

(बी. ए. भाग २)

आमच्या वाशीम जिल्ह्यात एखाद्या घराची स्थिती सुधारली की नाही हे ओळखण्याची एक जुनी खूण आहे. त्या घरी रोज भाकरी होते की पोळी, एवढे पाहावे. भाकरी म्हणजे ओढगस्त आणि पोळी म्हणजे बरे दिवस, असे गणित आमच्या मनात लहानपणापासून पक्के बसलेले. आजी अजूनही सांगते, "आमच्या वक्ती गहू सणाले अन् पाव्हण्याले. बाकी बारा महिने ज्वारीची भाकर." शाळेत मधल्या सुट्टीत ज्यांच्या डब्यात पोळी असे ती मुले डबा मध्ये ठेवून जेवत. माझ्या डब्यात भाकरी असली की मी झाकण अर्धे लावून, भिंतीकडे तोंड करून जेवत असे. पुढे आमच्याकडेही रोज पोळी होऊ लागली, तेव्हा आपले घर एक पायरी वर चढले असे मला मनापासून वाटले होते.

आज त्याच घरात गव्हाच्या पिठाचा डबा पडवीत असतो. स्वयंपाकघरात त्याला प्रवेश नाही. हे असे का झाले आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते सांगण्यासाठी हा लेख. विषय चुलीचा आहे म्हणून मुलांनी पान उलटू नये, एवढी विनंती. जेवतात सगळेच.

दुखणे एकीकडे, औषध दुसरीकडे

माझी धाकटी बहीण आता तेरा वर्षांची आहे. घरी तिला आम्ही छोटी म्हणतो. चार-पाच वर्षांची असल्यापासून तिचे पोट बिघडलेले असे. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र फुगलेले. दिवसातून चार-चार वेळा शौचाला जाणे, चेहरा पांढराफटक, खेळायला गेली तर दहा मिनिटांत ओट्यावर येऊन बसायची. नऊ वर्षांची झाली तेव्हा तिचे वजन १६ किलो होते. वर्गात ती पहिलीतली मुलगी वाटे.

आम्ही काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. जंतांच्या गोळ्या झाल्या, टॉनिकच्या बाटल्या झाल्या, लोहाची औषधे झाली. कोणी क्षयाची शंका घेतली. कोणी दृष्ट काढली, कोणी अंगारा दिला. आणि या सगळ्यांबरोबर प्रत्येकाचा एक सल्ला ठरलेला: "पोरगी अशक्त आहे, हिला भाकर देऊ नका, जड पडते. पोळी द्या, रव्याची खीर द्या, बिस्किटे द्या." आई बिचारी सांगितल्याप्रमाणे करी. स्वतः भाकरी खाऊन छोटीला तूप लावलेली पोळी देई, दुधात बिस्किटे कुस्करून भरवी. रेड्याला दुखणे आणि पखालीला डाग, अशी म्हण आहे. आमचे त्याहून वाईट होते. ज्याने दुखणे वाढत होते तेच आम्ही औषध म्हणून भरवत होतो.

मी दहावीत असताना आम्ही तिला मोठ्या शहरातील दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी केली, मग तोंडातून दुर्बीण घालून लहान आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला. नंतर त्यांनी एका कागदावर इंग्रजीत नाव लिहिले आणि बाबांना म्हणाले, "हिला गहू बंद. महिनाभर नाही, आयुष्यभर." बाबांनी तो कागद माझ्याकडे दिला. आमच्या घरात तो वाचू शकेल अशी मीच. कागदावर लिहिले होते: सीलिअ‍ॅक डिसीज.

एसटीत बसल्यावर आईने एकच प्रश्न विचारला. "गहू कोनाले बाधते का व? गहू तं श्रीमंताचं खानं." त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. नंतर डॉक्टरांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले ते पुढे मांडते.

ग्लूटेन म्हणजे काय?

उन्हाळ्यात कुरडया करताना आपण गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो, पिळून चीक काढतो आणि चोथा गुरांना टाकतो. त्याच जातीचा एक सोपा प्रयोग घरी करता येतो. कणकेचा घट्ट गोळा मळावा आणि पाण्याच्या भांड्यात हळूहळू चोळत राहावे. पाणी दुधासारखे पांढरे होत जाते. तो गव्हातील पिष्टमय भाग. शेवटी हातात रबरासारखा ताणला जाणारा एक चिवट गोळा उरतो. हेच ग्लूटेन. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी नावाच्या शास्त्रज्ञाने असेच पीठ धुऊन हा पदार्थ वेगळा केला आणि त्याचे वर्णन १७४५ साली छापले गेले. ग्लूटेन या शब्दाचा लॅटिनमधला अर्थच मुळी सरस, म्हणजे चिकटवण्याचा डिंक.

पोळी कागदासारखी पातळ लाटता येते, पाव फुगतो, शेवई तुटत नाही, ते या चिवटपणामुळे. ग्लूटेन हे प्रथिन आहे आणि बहुतेक माणसांना ते काही अपाय करीत नाही. परंतु काही जणांच्या शरीराची जन्मजात ठेवण अशी असते की आतड्यात ग्लूटेन आले की शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला शत्रू समजते, आणि त्या लढाईत स्वतःच्याच आतड्याची नासाडी करून घेते. लहान आतड्याच्या आतील अस्तराला टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात. अन्नातील सत्त्व शोषून घेण्याचे काम त्यांचे. या आजारात ते झिजून सपाट होतात. मग कितीही तूप-दूध खाल्ले तरी अंगी लागत नाही. छोटीला खायला मिळत नव्हते असे नाही. खाल्लेले तिच्या रक्तापर्यंत पोचत नव्हते.

हा आजार संसर्गाचा नाही. एकाच्या ताटात जेवल्याने दुसऱ्याला होत नाही. मात्र रक्ताच्या नात्यात तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, म्हणून आम्हा सर्वांचे रक्त तपासले. आमच्यात तो निघाला नाही. त्यावर आजपर्यंत गोळी किंवा इंजेक्शन उपलब्ध नाही. ग्लूटेन पूर्ण वर्ज्य करणे हाच उपचार. ते थांबले की अस्तर हळूहळू भरून येते. पुन्हा सुरू झाले की पुन्हा झिजते.

एका दुष्काळाने शिकवलेले

हे गव्हामुळे होते, हे जगाला कळून अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. लंडनच्या सॅम्युएल गी या डॉक्टरांनी १८८८ साली या आजाराचे नीट वर्णन केले. आहार बदलला तरच रोगी बरा होईल, हे त्यांनी ओळखले होते. पण आहारातील नेमके काय बदलायचे ते सापडले नव्हते. अमेरिकेत सिडनी हास या डॉक्टरांनी १९२४ साली अशा मुलांना केळ्यांचा आहार देऊन बरे केल्याचे प्रसिद्ध केले. पुष्कळ मुले त्याने खरोखर सुधारली, आणि केळ्यात काही गुण आहे असे लोक समजले. गुण केळ्यात नव्हता. केळी खाताना पाव सुटत होता, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आणून दिले हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. त्यांना गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये भयंकर उपासमार झाली. पाव मिळेना, लोकांनी ट्यूलिप फुलांचे कंद उकडून खाल्ले. त्या उपासमारीच्या दिवसांत या आजाराची मुले सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागल्यावर त्यांची दुखणी परत आली. डिके यांनी पुढे पद्धतशीर प्रयोग करून १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठात आपला प्रबंध सादर केला.

हे मी आजीला वाचून दाखवले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे आणि रेशनवर मिळालेली अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यांची आठवण सांगितली. त्या मिलोला आमच्याकडे लोकांनी नावे ठेवली होती. पण तीही ज्वारीच होती, छोटीला ती चालली असती!

ज्वारीच्या मुलखात ज्वारी विकत

आता आमच्या जिल्ह्याचे पाहू. वऱ्हाड हा कापूस आणि ज्वारीचा मुलूख. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि सगळ्या डाळी, यांत ग्लूटेन नाही. इटलीतील संशोधकांनी २००७ साली ज्वारीचे पदार्थ या रोग्यांना देऊन पाहिले व ते निर्धोक असल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हा आमच्यासारख्यांना काय अडचण, असे कोणालाही वाटेल.

अडचण अशी की ज्वारीच राहिली नाही. गेल्या तीसेक वर्षांत आमच्या शिवारात सोयाबीन आले आणि ज्वारी मागे हटली. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. सोयाबीन लवकर निघते, रोख पैसा देते. ज्वारीवर पाखरे पडतात, रानडुकरे आणि रोही उभे पीक आडवे करतात, कणसात दाणा भरताना पाऊस आला तर तो काळा पडतो, आणि कापणी-खुडणीला मजूर मिळत नाही. दुसऱ्या बाजूने, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो धान्य मिळू लागले, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. आमच्या कार्डावर येतो तो गहू आणि तांदूळ. गरिबाच्या घरी आयता आलेला गहू कोण नाकारील? अशा रीतीने मोठ्यांच्या पोळ्या फुकट झाल्या आणि छोटीची भाकरी विकतची झाली. बाजारात ज्वारीचा भाव अनेकदा गव्हाच्या वर असतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आमच्या महाविद्यालयातही फलक लागले होते. ते पाहून मला माझा अर्धा झाकलेला डबा आठवला.

शेवटी बाबांनीच मार्ग काढला. तीन एकरांपैकी अर्धा एकर सोयाबीनमधून काढून त्यांनी ज्वारी पेरली. शेजारचे हसले. पाखरे राखायला सुट्टीच्या दिवशी छोटी स्वतः गोफण घेऊन माळ्यावर बसली. तीन पोती झाली. काही पाखरांनी नेली, ती गेली.

चक्की, तवा आणि डबा

डॉक्टरांनी गहू बंद सांगितला, आम्ही बंद केला. तरी पहिल्या दोन महिन्यांत छोटीचे पोट पुरते थांबेना. चूक कुठे होते ते शोधता शोधता आम्ही चक्कीपर्यंत पोचलो. गावच्या चक्कीत आधी कोणाचा तरी गहू दळलेला असतो. जात्यात पसा-दोन पसे पीठ अडकून राहते आणि ते पुढच्या दळणात उतरते. निरोगी माणसाला त्याचे काही नाही. छोटीला तेवढेही पुरते. किती बारीक हिशेब आहे हे सांगण्यासाठी एक आकडा देते: आपल्या देशाच्या नियमानुसार ज्या पदार्थावर ग्लूटेनमुक्त असे लिहायचे, त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. म्हणजे एका किलोत चिमटीचाही लहानसा अंश.

मग माळ्यावरचे आजीचे जाते खाली काढले. ते घासून धुऊन, वाळवून, आधी थोडे तांदूळ दळून टाकून दिले. सहा महिने आई आणि मी पहाटे दळत होतो. पूर्वीच्या बायका दळताना का गात असत, ते मला त्या सहा महिन्यांत कळले. पुढे आईने बचत गटातून कर्ज घेऊन लहान घरघंटी आणली. तिच्यावर ज्वारी, तांदूळ आणि डाळी एवढेच दळले जाते. गल्लीतल्या बायका ज्वारीचे दळण घेऊन येतात, त्यातून कर्जाचा हप्ता निघतो. एखादी गव्हाचा डबा घेऊन आली की आई दारातूनच हात जोडते. सुरुवातीला दोघी-तिघींना राग आला. आता त्याच दुसऱ्यांना समजावून सांगतात.

घरातील इतर नियम असे. गहू फक्त पडवीतल्या चुलीवर. त्याचा तवा, परात, पोळपाट, लाटणे वेगळे. लाकडाच्या पोळपाटाच्या भेगांत पीठ बसते, ते धुऊन निघत नाही, म्हणून आतले काठवट आणि पोळपाट नवीन घेतले. आधी आतला स्वयंपाक, मग बाहेरचा. कणकेच्या हाताने आत यायचे नाही. तळणाचे तेल एकच वापरायचे नाही. लोणच्याच्या बरणीत पोळीचा हात नाही. रात्रीच्या जेवणात मात्र गहू कोणालाच नाही. एका पंगतीत एकीचे ताट निराळे नको, असे बाबांनी पहिल्याच आठवड्यात ठरवले.

भाकरीचे शास्त्र

ज्यांना पोळीची सवय आहे त्यांची भाकरी मोडते, आणि ते ज्वारीला नावे ठेवतात. ज्वारीच्या पिठात ग्लूटेनचा चिवटपणा नाही. तिथे चिकटपणा आणावा लागतो तो उकळत्या पाण्याने. गरम पाण्याने पिष्ट फुगते आणि पीठ धरून राहते. म्हणून पिठात आळे करून कढत पाणी ओतावे, उलथण्याच्या दांड्याने हलवावे, आणि हाताला सोसेल इतके निवाले की तळहाताच्या टाचेने जोर लावून मळावे. एका वेळी एकाच भाकरीचे पीठ मळावे. पीठ ताजे हवे. जुन्या पिठाची विरी जाते, मग ते कितीही मळले तरी चिरते. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ते सुकण्याआधी उलटायची, आणि शेवटी आरावर शेकली की पापुद्रा टम्म फुगतो.

छोटीच्या शाळेच्या डब्यात भाकरी दुपारपर्यंत कडक होई. त्यावर आईने तोड काढली. पाणी उकळून त्यातच पीठ घालायचे, झाकून वाफ द्यायची, ती उकड मळून लाटायची आणि भाजायची. ही पोळीसारखी मऊ राहते आणि गुंडाळीही होते.

नुसती भाकरी-चटणी मात्र पुरत नाही. झिजलेले आतडे भरून यायला लोह, चुना आणि प्रथिने हवीत. म्हणून कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ. बेसन, पातोडीचा रस्सा, मुगाचे धिरडे, शेंगदाण्याची चटणी, अंडे, ताक. सुरुवातीला काही महिने दूध पचत नव्हते, नंतर पचू लागले. सकाळी कण्या किंवा आंबील, संध्याकाळी ज्वारीच्या लाह्या. आजीच्या हातचे हे पदार्थ आम्ही विसरत चाललो होतो. एका आजाराने ते परत आणले. उपवासाचे जवळजवळ सगळेच पदार्थ छोटीला चालतात, त्यामुळे शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात, "हिची रोजच एकादशी."

लपलेला गहू

पोळी, पुरी, रोडगे यांतला गहू दिसतो. खरा धोका न दिसणाऱ्या गव्हाचा. रवा, मैदा, लापशी, शेवया, कुरडया, सातूचे पीठ, टोस्ट, बिस्किटे, पाव हे सगळे गव्हाचेच किंवा गहू घातलेले. कुरडईत चीक असतो, ग्लूटेन निघून गेले असेल, असे मला वाटले होते. तसे होत नाही, थोडे उरतेच. खपली गहू आणि बन्सी गहू जुने आणि पौष्टिक म्हणून चालतील असे काही जण सांगतात. तेही गहूच, चालत नाहीत. जवही चालत नाही, त्यामुळे जवापासून केलेले माल्ट आणि ते घातलेल्या दुधात टाकायच्या भुकट्या बंद.

आम्हाला सर्वांत जास्त फसवले ते हिंगाने. बाजारातील डबीत शुद्ध हिंग थोडा, बाकी डिंक आणि पीठ असते, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. रोजच्या वरणाच्या फोडणीत आम्ही चिमूटभर गहू टाकत होतो! आता तांदळाच्या पिठातला हिंग शोधून आणतो, नाही मिळाला तर लसणाची फोडणी. फरसाणात, बाजारच्या सॉसमध्ये, पापड लाटताना लावलेल्या पिठात गहू असू शकतो. ‘मल्टीग्रेन’ लिहिलेल्या पिठाच्या पिशवीत ज्वारी-बाजरीची चित्रे असतात आणि आत सर्वांत जास्त गहूच निघतो.

पाकिटावर गव्हाचा उल्लेख करणे कायद्याने बंधनकारक आहे, पण तो बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांत असतो. छोटीला मी इंग्रजी अक्षरे शिकवायला सुरुवात केली ती क्रमिक पुस्तकावरून नाही. गहू, जव, मैदा, रवा, माल्ट या पाच शब्दांची इंग्रजी स्पेलिंगे तिला आधी पाठ झाली. दुकानात ती स्वतः पाकीट उलटे करून वाचते. आई तिच्या तोंडाकडे बघत राहते. आईला वाचता येत नाही.

पंगतीतले प्रश्न

स्वयंपाक जमला, पण घराबाहेरचे जेवण अजून अवघड आहे. भंडाऱ्यात रोडगे, लग्नात पुऱ्या, सत्यनारायणाला रव्याचा शिरा. प्रसाद नाकारला म्हणून एका घरी छोटीला बोल ऐकावे लागले. "एवढ्याशाने काय होते, देवाचे आहे," असे म्हणून हातावर ठेवलेला शिरा तिने एकदा खाल्ला आणि पुढचे तीन दिवस ती शाळेत जाऊ शकली नाही. तेव्हापासून ती प्रसाद कपाळाला लावते आणि माझ्या हातावर ठेवते.

पोळ्याला पुरणपोळीऐवजी ज्वारीच्या उकडीत पुरण भरून पाहिले. पहिल्या वर्षी सगळे पुरण तव्यावर आले. आता उकडीत थोडी तांदळाची पिठी घालतो, त्याने जमते. नाहीच जमले तर पुरण वाटीत घेऊन वर तूप. दिवाळीत अनारसे, भाजणीची चकली, पोह्यांचा चिवडा. आणि महालक्ष्म्यांना आमच्या विदर्भात सोळा भाज्यांबरोबर ज्वारीच्या पिठाची आंबील लागते, ती नैवेद्यात असावीच लागते. पुरणपोळीशेजारी आंबिलीची वाटी मांडताना आजी म्हणाली, "पाय माय, लक्षुमीलेही ज्वारीच लागते."

काही सूचना

दोन गोष्टी स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. पहिली अशी, की हा लेख वाचून कोणी उगाच गहू सोडू नये. गहू वाईट नाही. ज्यांना तो सोसतो त्यांच्यासाठी ते चांगले अन्न आहे. दुसरी त्याहून महत्त्वाची. ज्यांना शंका असेल त्यांनी तपासणीच्या आधी गहू बंद करू नये. गहू बंद असला तर रक्तात आणि आतड्यात आजाराच्या खुणा कमी होतात आणि निदान चुकते. आधी डॉक्टर, मग तपासणी, आणि मग आहार.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात हा आजार शंभरात एकाहून थोडा जास्त, तर दक्षिणेत हजारी एकाच्या आसपास आढळला. तो फरक लोक गहू किती खातात याच्याशी बराच जुळतो. आपण या दोहोंच्या मधले, आणि आपले ताट भाकरीकडून पोळीकडे सरकते आहे. तेव्हा एखादे मूल वर्षानुवर्षे जुलाबाने हैराण असेल, वाढत नसेल, लोहाची औषधे देऊनही पांढरेच राहत असेल, तर या आजाराचे नाव एकदा तरी डॉक्टरांसमोर काढावे. आमची पाच वर्षे गेली ती हे नाव कोणाला माहीत नव्हते म्हणून.

छोटी आता सातवीत आहे. पहिल्या वर्षातच तिचे वजन चार किलोंनी वाढले. अजून ती वर्गात बुटकी आहे, पण खो-खोच्या संघात आहे. नातेवाईक आतापासून बाबांना सांगतात, "पोरीचं हे दुखणं कोठी बोलू नका, उद्या सोयरीक जुळायची नाही." बाबा काही बोलत नाहीत. पण मी या अंकात लेख लिहू का, असे विचारले तेव्हा तेच म्हणाले, "लिही. लपवून पोरीले गव्हाच्या घरात देऊ काय?" मग मी छोटीला विचारले. तिने सांगितले की लिही, पण हिंगाचे नक्की लिही, कारण ते कोणालाच माहीत नसते.

म्हणून हे लिहिले. मी रोज एसटीने महाविद्यालयात येते तेव्हा माझ्याही डब्यात भाकरी असते. आता झाकण पूर्ण उघडते. ज्यांना चव पाहायची असेल त्यांनी जरूर यावे. फक्त आपल्या डब्यातील पोळीचा हात माझ्या डब्याला लावू नये. तोच डबा संध्याकाळी छोटी घेते.